घरच्या घरी गाडीचा एक्झॉस्ट बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायलेन्सर काढला की आवाज वाढतो, हे कुणीही सांगेल. तो आवाज कानाशी घेऊन सलग तीन तास गाडी चालवता येईल का, हे मात्र कुणी विचारत नाही. खालचे बरेच प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात. उत्तरं नेहमीच्या पेट्रोल गाडीला धरून लिहिली आहेत. टर्बो आणि डिझेल जिथे वेगळं वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

मी सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो. खाली नेमकं काय काय असतं?

टॉर्च घ्या आणि गाडीखाली पुढून मागे बघत जा. इंजिनाला चिकटलेला असतो तो मॅनिफोल्ड. सगळ्या सिलिंडरचा धूर त्यात एकत्र येतो. त्याला लागूनच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत 'कॅट'. कॅटच्या आधी एक आणि नंतर एक असे ऑक्सिजन सेन्सर असतात. स्पार्क प्लगला वायर फुटावी तसे दिसतात. मग जाळीचा, वाकणारा फ्लेक्स पाईप. इंजिन डुलतं तेव्हा तो हिसका पोटात घेतो. त्यापुढे लांबलचक मधला पाईप आणि त्यावर बहुतेक गाड्यांत एक लहान डबा, रेझोनेटर. मागच्या बंपरखाली मोठा डबा असतो तो मफलर. आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो तो खरं तर एवढाच.

कॅटच्या मागचं सगळं बदलणाऱ्या किटला 'कॅट-बॅक' म्हणतात. मागच्या ॲक्सलच्या मागचं शेपूट, म्हणजे जवळजवळ फक्त मफलर बदलणाऱ्या किटला 'ॲक्सल-बॅक' म्हणतात.

प्रत्येक गाडीचा आवाज वेगळा का असतो? माझ्या छोट्या गाडीतून व्ही-८ सारखा गडगडाट काढता येईल का?

नाही. कारण असं.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. एक्झॉस्ट वॉल्व उघडला की दाबाखालचा तापलेला वायू धाडकन पाईपात सुटतो. आपल्याला ऐकू येतात ते हे ठोके. ३००० आरपीएमला इंजिन सेकंदाला ५० फेरे मारतं. चार सिलिंडर असतील तर सेकंदाला १०० ठोके, म्हणजे १०० हर्ट्झ. तीन असतील तर ७५, आठ असतील तर २००. शिवाय ठोके एका लयीत पडतात की लंगडत, हेही महत्त्वाचं. क्रॉस-प्लेन क्रँकच्या (ज्यात क्रँकचे हात एकमेकांना ९० अंशांत असतात अशा) व्ही-८ मध्ये एकेका बाजूच्या चार सिलिंडरचे ठोके असमान अंतराने पडतात, तिथून तो गडगडाट येतो. काही बॉक्सर इंजिनांची (ज्यांत सिलिंडर समोरासमोर आडवे असतात) ओळखीची गुरगुर हेडरच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेल्या मॅनिफोल्डच्या, नळ्या लहानमोठ्या असल्यामुळे येते. म्हणजे आवाजाचा स्वभाव इंजिनात ठरतो, पाईप त्याला फक्त दाबतो किंवा मोकळा करतो. ढोलकीला कितीही चांगली शाई भरली तरी तिचा नगारा होत नाही.

जमण्यासारखं एवढंच : खर्ज थोडा वर आणायचा, कर्कशपणा दाबलेलाच ठेवायचा. तीन किंवा चार सिलिंडरच्या गाडीत हे नीट साधलं तरी खूप झालं.

कोणता भाग बदलल्यावर किती फरक पडतो?

मागून पुढे जा. मफलर बदलला की आवाज वाढतो आणि थोडा जाड होतो. घरी करण्याजोगं सगळ्यात बिनधोक काम हेच. रेझोनेटर काढला तर आवाज फार मोठा होत नाही, पण त्याचा पोत बिघडतो. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी एक खरखर वरच्या आरपीएमला यायला लागते. लोक हा डबा फालतू समजतात, कारण तो लहान असतो आणि तो काढला तरी आयडलिंगला काही कळत नाही.

हेडर बदलणं हे घरचं काम नव्हे. मॅनिफोल्डचे स्टड वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन ठिसूळ झालेले असतात. एक जरी इंजिनाच्या हेडमध्ये तुटला तर सुट्टीचा दिवस बोंबलला.

माझा सल्ला : फक्त मफलर बदला, महिनाभर चालवा, मग पुढचं ठरवा.

चेंबरवाला मफलर घ्यावा की सरळ आरपारचा?

चेंबरवाल्यात आत कप्पे आणि आडव्या भिंती असतात. आवाजाच्या लाटा त्यांवर आपटून परत येतात आणि एकमेकींना मारतात. आवाज बसका, गुरगुरता येतो. आरपारच्यात एक जाळीदार नळी सरळ जाते आणि तिच्याभोवती काचेची किंवा स्टीलची लोकर ठासलेली असते. ही लोकर वरचे, टोचणारे सूर शोषून घेते. खालचे सूर तिला फारसे जुमानत नाहीत. त्यामुळे आरपारचा मफलर मोकळा वाटतो, आणि ड्रोनही (केबिनमधली भणभण, त्याबद्दल पुढे) बहुधा त्याच्याचबरोबर घरात येतो.

दुसरी गोष्ट, लोकर जळते. काही वर्षांत ती झिजून शेपटातून उडून जाते आणि आवाज हळूहळू पत्र्यासारखा होतो. 'वापरून वापरून आवाज खुलला' असं कुणी सांगितलं तर मफलर रिकामा होत चाललाय असं समजा.

मागे फक्त मोठी टिप लावली तर?

दिसायला छान. आवाजात ऐकू येण्यासारखा फरक नाही.

मफलरला ड्रिलने दोन-चार भोकं पाडली तर फुकटात काम होईल ना?

होईल, आणि महिन्याभरात पश्चात्तापही. भोकातून खर्ज निघत नाही, फुसफुस आणि फाटका आवाज निघतो. ऐकणाऱ्याला गाडीचा सायलेन्सर फुटलाय असंच वाटतं. भोकाच्या कडेला गंज धरतो आणि भोक वाढत जातं. सगळ्यात वाईट म्हणजे धूर बंपरच्या मागे जाण्याऐवजी गाडीच्या पोटाखाली सुटतो आणि डिकीच्या रबरातून किंवा तळातल्या फटींतून आत शिरू शकतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त जोराने तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप येणं ही सुरुवात. गाडी चालवताना झोप आली तर माणूस दोष जेवणाला देतो.

याच कारणासाठी नवा टेलपाईप बंपरच्या कडेपर्यंत किंवा किंचित बाहेर यायलाच हवा. पोटाखाली संपणारा पाईप कितीही झोकदार वाटला तरी नको.

माझ्या मफलरला खालून आधीच एक बारीक भोक आहे. ते बुजवू का?

नका बुजवू, ते कंपनीनेच पाडलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळून जवळजवळ तितकंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. मफलर गार असला की त्यातली काही वाफ आतच थिजते आणि डब्याच्या तळाशी साचते. ते पाणी या भोकातून ठिबकतं. रोज दोन-दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचा मफलर कधी पुरता तापत नाही, म्हणून तो आतून लवकर कुजतो. सकाळी शेपटातून पाणी गळताना दिसलं तर घाबरू नका.

कॅट काढून सरळ पाईप टाकला तर आवाज जबरदस्त येतो म्हणे?

आवाज येतो, जबरदस्त नाही. तिखट येतो, आणि सोबत डोळ्यांत झोंबणारा कच्च्या पेट्रोलचा वास. कॅटच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिक जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तिथेच निवतात. कॅट काढणं अनेक देशांत सरळसरळ बेकायदेशीर आहे. गाडीचा संगणकही मागच्या सेन्सरवरून ते ओळखतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि बहुतेक वेळा पी०४२० हा कोड येतो. सेन्सरला फसवणारे जुगाड बाजारात मिळतात. त्यांनी दिवा विझतो, धूर तोच राहतो.

मला विचाराल तर कॅटला आणि त्याच्यापासून इंजिनापर्यंतच्या भागाला हात घालायचाच नाही. या पानावर पुढे एक्झॉस्टचं जे काही बदलायला सांगितलं आहे ते कॅटच्या मागचं.

'थोडं बॅक प्रेशर लागतंच' हे खरं का?

अर्धवट खरं. इंजिनाला अडथळा कधीच हवा नसतो. त्याला हवा असतो वेग. एका सिलिंडरचा धूर वेगाने निघून गेला की त्याच्या मागे दाब कमी होतो आणि तो पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घेतो. पाईप भलताच रुंद केला की वायू मंदावतो, ही ओढ जाते आणि कमी आरपीएमचा जोर पडतो. सिग्नलवरून उठताना गाडी मेल्यासारखी वाटते. लोकांनी त्याला 'बॅक प्रेशर गेलं' असं नाव दिलं, आणि ते नाव टिकलं.

मग पाईप केवढ्या मापाचा घ्यावा?

छोट्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला मूळ मापाचाच किंवा फार तर पाव इंच मोठा. दोन इंचांवरून अडीच इंचांवर गेलात तर व्यास अर्ध्या इंचाने वाढल्यासारखा दिसतो, पण आतली जागा दीडपटीहून जास्त होते. पाईप खरेदी करताना आतला व्यास सांगताहेत की बाहेरचा, ते विचारून घ्या. सांधा न बसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

धातूबद्दल थोडक्यात : साधं लोखंड लवकर गंजतं, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं स्टील बऱ्यापैकी टिकतं, स्टेनलेस सगळ्यात जास्त. स्टेनलेसमध्ये ३०४ला लोहचुंबक सहसा चिकटत नाही, ४०९ला चिकटतो. खिशात एक चुंबक ठेवा.

पॉवर किती वाढेल?

इंजिनात दुसरा काही बदल नसेल तर नुसत्या मफलरने वाढणारी पॉवर चालवताना कळण्याइतकी नसते. आवाज वाढला की गाडी पळते असं वाटतं, ही मनाची गंमत आहे आणि त्यात वाईट काही नाही. फक्त त्या भरात वेग वाढलेला लक्षात येत नाही.

ड्रोन म्हणजे काय, आणि सगळे त्याचीच तक्रार का करतात?

हायवेला वरच्या गिअरमध्ये गाडी एका वेगाला धरली की दोन-अडीच हजार आरपीएमच्या आसपास पूर्ण केबिन भणभणायला लागतं. चार सिलिंडरचं इंजिन २४०० आरपीएमला सेकंदाला ८० ठोके देतं. पाईपाची लांबी आणि केबिनमधली कोंडलेली हवा नेमकी त्याच सुराला जुळली की तो सूर फुगतो. बाहेर उभ्या माणसाला काहीच वावगं वाटत नाही. आत बसलेल्याच्या कानाचे पडदे मात्र दाबल्यासारखे होतात.

मी स्वतः एका गाडीचा रेझोनेटर काढून सरळ पाईप टाकला होता. पहिल्या संध्याकाळी विनाकारण तीन चकरा मारल्या, इतका खूश होतो. पहिल्याच लांबच्या प्रवासात बायकोने काही न बोलता दोन सीटच्या मधल्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवलं. पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती. २३०० आरपीएमला उठायची, २७००च्या पुढे गेलं की विरायची. उरलेला प्रवास मी एक गिअर खाली चालवला, पेट्रोल जाळत. पुढच्या रविवारी रेझोनेटर पुन्हा आपल्या जागी होता.

उपाय तीन. रेझोनेटर ठेवणे किंवा परत बसवणे, हा पहिला आणि बहुतेकांना पुरणारा. दुसरा, मोठ्या आकारमानाचा मफलर. तिसरा थोडा हिशेबाचा : मुख्य पाईपाला एक फांदी काढायची, तिचं टोक बंद करायचं. आवाजाची लाट त्या फांदीत जाऊन परत येईपर्यंत अर्ध्या लाटेने मागे पडते आणि नव्या लाटेला मारते. फांदीची लांबी काढायला ध्वनीच्या वेगाला वारंवारतेच्या चौपटीने भागायचं. इथेच घोळ होतो. लोक ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरतात, ८० हर्ट्झसाठी १.०७ मीटरची फांदी जोडतात, आणि ड्रोन जसाच्या तसा. ३४३ हा २० अंश सेल्सिअसच्या हवेतला वेग आहे. पाईपातला वायू ३०० अंशांच्या आसपास असेल तर वेग ४८० मीटरच्या घरात जातो आणि फांदी दीड मीटरची लागते. एवढी लांबी गाडीखाली बसवायला ती वळवून आणावी लागते, म्हणून तिला 'जे-पाईप' म्हणतात. ती एकाच सुरावर चालते, म्हणून आधी ड्रोन नेमक्या कोणत्या आरपीएमला येतो ते लिहून ठेवा.

व्हिडिओ ऐकून मफलर निवडला तर चालेल का?

ड्रोन ८० हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर तो सूर वाजवूच शकत नाही. वर मोबाइलचा माइक मोठा आवाज आपोआप दाबून एकसारखा करतो. म्हणजे ज्या गोष्टीचा त्रास होणार आहे नेमकी तीच व्हिडिओतून गळते. तसाच मफलर लावलेली एखाद्याची गाडी मिळाली तर मागच्या सीटवर बसून अर्धा तास हायवेला फिरून या. मागच्या सीटवरच बसा.

घरी करायला काय काय सामान लागतं?

दोन ॲक्सल स्टँड, ट्रॉली जॅक, चाकांना लावायला गुटके, सॉकेटचा सेट आणि लांब दांडा, गंज सोडवणारा स्प्रे, तारेचा ब्रश, रबरी हातोडी, जाड हातमोजे, आणि डोळ्यांना चष्मा. चष्मा आधी. गाडीखाली पाठीवर झोपून वर बघत काम करायचं असतं, आणि गंजाची खपली सरळ डोळ्यात पडते. क्लॅम्प आणि गॅस्केट नवेच घ्या. जुनं गॅस्केट दुसऱ्यांदा सील धरत नाही.

नुसत्या जॅकवर गाडी उचलून पाच मिनिटं आत शिरलो तर?

नाही. जॅक फक्त उचलण्यापुरता. एक सील गेलं की तो बसतो, आणि बसताना आवाजही करत नाही. विटांची किंवा दगडांची चवडही नको. वीट भाराखाली सूचना न देता फुटते. जमीन सपाट आणि कठीण असावी, हँडब्रेक ओढलेला, जमिनीवरच्या चाकांना गुटके, आणि स्टँड गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच. आत शिरण्यापूर्वी बंपरला हात लावून गाडी चांगली गदागदा हलवा. पडायचीच असेल तर तेव्हा पडू दे. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा.

आणि गाडी पूर्ण गार होऊ द्या, दोन तास तरी. चालत्या गाडीत कॅट काही शे अंशांना तापलेला असतो आणि त्याच्या लगतचा पाईपही बराच वेळ चटके देतो.

बोल्ट हलतच नाहीत!

गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारा, सकाळी परत. पाना लावल्यावर आधी थोडं आवळायच्या दिशेला जोर द्या, मग सोडवायच्या. बारीकसा 'टक्' ऐकू आला की अर्धं काम झालं. मागेपुढे, मागेपुढे करत काढा. एका दमात पिळलात तर बोल्ट चुरगळून तुटतो. फ्लॅंजचा, म्हणजे दोन पाईप जोडणाऱ्या चपट्या कडेचा, बोल्ट अजिबात ऐकत नसेल तर ग्राइंडरने कापून नवा टाकणं हे शहाणपण आहे. तापवण्यासाठी गॅसची ज्योत मात्र नको, कारण पेट्रोलची टाकी आणि पाईप तिथेच हातभर अंतरावर असतात.

पाईप गाडीखाली लटकवून धरणारे रबरी हँगर निघत नाहीत.

साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे मारा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं आणि मऊ पडतं. एका हाताने मफलरचा भार उचलून धरला की रबर सैल होतं. दोघं असतील तर पाच मिनिटांचं काम, एकट्याला तासाचं. मफलर दिसतो त्यापेक्षा जड असतो. शेवटचा हँगर काढताना तो छातीवर येणार नाही अशा जागी पडा.

नवा मफलर बसवताना सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

पहिला क्लॅम्प पूर्ण आवळला की खेळ संपला. आधी सगळं हँगरवर लटकवा, सगळे क्लॅम्प सैल ठेवा, मागे जाऊन शेपूट सरळ दिसतंय का ते उकिडवं बसून बघा, मग पुढून मागे एकेक आवळत जा. पाईप आणि गाडीचं अंग, टाकी, ब्रेकचे पाईप यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा हवी. स्टेनलेसचा तीन मीटर पाईप ३०० अंशांनी तापला की सुमारे दीड सेंटिमीटर लांबतो. गार असताना जेमतेम न टेकणारा पाईप तापल्यावर ठणठण वाजतो, आणि आवाज कुठून येतोय ते शोधण्यात आठवडा जातो.

यू-बोल्टचा क्लॅम्प पाईपाला चिमटा काढतो. पुढच्या वेळी सांधा सुटत नाही. रुंद पट्टीचा क्लॅम्प घ्या. आणि शंभरेक किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा आवळा.

वेल्डिंग घरी करावं का?

हात बसलेला असेल आणि यंत्र असेल तरच, आणि तेही गाडीवर नको. सगळं जुळवून पाईपावर खडूने खुणा करा, काढा, बाहेर टेबलावर वेल्ड करा. गाडीवरच एखादा टाका मारायची वेळ आलीच तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावा. जस्ताचा मुलामा असलेला पाईप वेल्ड करू नका. त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. क्लॅम्पने होत असेल तर वेल्डिंगच्या वाटेला जायचं कारणच नाही.

कुठे गळतंय का, हे कसं कळणार?

गाडी उघड्यावर, थंड असताना चालू करा आणि दुसऱ्या माणसाला जाड फडक्याने शेपूट क्षणभर दाबायला सांगा. गळत असेल तिथे 'फुस्स' ऐकू येतं. आणखी निवांत पद्धत : इंजिन बंद ठेवून ब्लोअरची हवा शेपटातून आत सोडा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा, बुडबुडे सांगतील. काही दिवसांनी सांध्यावर काजळीचा काळा फराटा दिसला तरी तेच समजा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करून यातलं काहीही करू नका, शटर अर्धं उघडं असलं तरीही.

लावल्यावर धूर निघतोय आणि विचित्र वास येतोय!

नव्या धातूवरचं तेल आणि आतल्या लोकरीचा चिकटा जळतोय. बाहेर मोकळ्यात अर्धा तास चालवा, थांबेल. चार दिवसांनीही थांबला नाही तर तो मफलरचा धूर नव्हे, इंजिनाकडे बघा.

मागे मफलर बदलला आणि चेक इंजिनचा दिवा लागला. का?

मफलरमुळे लागत नाही. ओढाताणीत सेन्सरची वायर ताणली गेली असेल किंवा पुढचा एखादा सांधा हलला असेल. सेन्सरच्या आधी गळती असली की दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, आणि संगणक उगाच जास्त पेट्रोल सोडू लागतो. सेन्सर काढावाच लागला तर त्याच्यासाठीचा २२ मिलिमीटरचा, कडेला खाच असलेला सॉकेट वापरा आणि त्याच्या टोकाला काहीही लावू नका.

पाय काढल्यावर 'फट्-फट्' असे बार यायला हवेत.

ते न जळलेलं इंधन पाईपात जाऊन पेटण्याचे बार आहेत. ट्यूनिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकात फेरफार करताना, इग्निशन (ठिणगी) उशिरा करून ते मुद्दाम काढतात. दर बारामागे कॅट तापतो. जास्त झालं की आतली जाळी वितळून बंद पडते, आणि गाडी चढावर दम टाकते. ट्यूनिंग न करता अचानक बार यायला लागले असतील तर बहुधा कुठेतरी गळती आहे.

टर्बो आणि डिझेलचं काय?

टर्बोचं चक्र धुरातली बरीच ताकद स्वतःच खाऊन टाकतं, त्यामुळे आवाज आधीच मऊ असतो. मफलर बदलल्यावर फार गरजत नाही, एक 'हूऽऽ' मात्र छान ऐकू येते. पाईप थोडा रुंद केलेला टर्बोला मानवतो. नव्या डिझेल गाड्यांत काजळीचं फिल्टर असतं, त्याला हात लावायचा नाही, आणि डिझेलमधून स्पोर्टी आवाज काढायची हौस शक्यतो सोडून द्यावी.

बटण दाबलं की मोठा, सोडलं की शांत, असा काही प्रकार असतो ना?

असतो. मफलरमध्ये एक पाकळी असते, मोटर किंवा व्हॅक्यूम ती उघडतो. सकाळी निघताना बंद, मोकळ्या रस्त्यावर उघडी. माझ्या मते पैसे टाकण्यासारखी हीच एक वस्तू. पाकळी गंजून अडकते, म्हणून अधूनमधून उघडझाप करत राहा. मधल्या पाईपाला भोक पाडून लावायचे स्वस्त 'कटआउट' मिळतात, ते धूर थेट सीटखाली सोडतात. ते नकोत.

किती मोठा आवाज चालतो?

मर्यादा त्या त्या देशाच्या कायद्यात डेसिबलमध्ये दिलेली असते आणि बऱ्याच ठिकाणी मफलरवर मान्यतेचा शिक्का लागतो. खरेदीच्या आधी बघा. उभ्या गाडीच्या चाचणीत माइक शेपटापासून अर्धा मीटर दूर, ४५ अंशांच्या कोनात धरतात. डेसिबलचे आकडे फसवे असतात. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. मोबाइलवरचं मीटर खरा आकडा सांगत नाही, पण त्याच जागी धरून आधीचं आणि नंतरचं माप घेतलंत तर फरक कळतो.

कायद्याच्या आधी शेजारी येतात. माझ्याकडे पहिल्या दिवशी शेजारचा मुलगा कौतुकाने बघायला आला होता, चौथ्या दिवशी त्याचे वडील आले. सकाळी थंड इंजिन आयडलिंगलाही जास्त आरपीएमवर असतं आणि सगळ्यात जास्त आवाज तेव्हाच असतो. चालू केली की लगेच निघा, हळू निघा.

वॉरंटी जाते का?

एक्झॉस्टशी संबंधित बिघाड आला तर कंपनी हात वर करू शकते. विमा कंपनीला बदल कळवून ठेवा.

एक्झॉस्टला हात न लावता आवाज सुधारता येईल?

आवाज स्वतःलाच ऐकायचा असेल तर इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेचा, विचार करा. एअर फिल्टरचा बंद डबा काढून उघडा फिल्टर लावला की पाय दाबल्यावर पुढून एक घोगरी ओढ ऐकू येते, आणि पाय काढला की गाडी गप्प. ड्रोन नाही, शेजारी नाहीत. पण उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो, त्यामुळे त्याला आडोसा करावा लागतो. तेल लावायचा फिल्टर असेल तर तेल बेताने लावा, जास्तीचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं.

जुन्या मफलरचं काय करू? भंगारात देऊ?

अजिबात नाही. गाडी विकताना, तपासणीला नेताना किंवा तुमचाच जीव विटल्यावर तोच लागतो. पाणी पूर्ण निथळू द्या, दोन्ही तोंडांना कापडाचे बोळे घाला, नाहीतर उंदीर घर करतात. बोल्ट एका डबीत भरून ती डबी मफलरलाच तारेने बांधा. माझ्या बोल्टची डबी मी 'सुरक्षित जागी' वेगळी ठेवली होती, ती अजून सापडलेली नाही.